अप्रेज की अप्राइज?



विहारातल्या रविवारच्या वर्गात एक बंधू आपल्या कार्यालयात द्यायच्या अर्जाचा मसुदा घेऊन आले. पदोन्नतीच्या यादीत आपले नाव का नाही ते कळवावे, एवढीच विनंती. पण 'कळवावे' यासाठी त्यांनी इंग्रजीत 'अप्रेज' लिहिले होते. हवे होते 'अप्राइज'. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. अर्थ मात्र झाला 'माझी किंमत ठरवावी'. बंधू ओशाळले. पण त्यात लाजण्यासारखे काही नाही. हीच चूक आम्ही मोठ्या साहेबांच्या सहीच्या पत्रांतही पाहिली आहे.

'अप्रेज' म्हणजे वस्तू, काम किंवा माणूस तपासून त्याचे मोल ठरवणे. किंमत या अर्थाचा 'प्राइस' त्याचा सोयरा. दागिना तारण ठेवून कर्ज काढताना बँकेतर्फे जो सोनार वजन आणि कस पाहून आकडा लिहितो, तो अप्रेजर. नोकरीत वर्षाअखेर होते ते अप्रेजल, म्हणजे कार्यमूल्यमापन. जुन्या मंडळींच्या तोंडी अजून सी.आर.

'अप्राइज' दुसऱ्या घरचा. फ्रेंचमधल्या 'शिकणे' या क्रियापदावरून तो आला. आय.टी.आय.च्या मुलांना माहीत असलेला 'अप्रेंटिस' त्याच घरातला. 'अप्राइज मी ऑफ द डिसिजन', निर्णय मला कळवा, असा त्याचा वापर. 'अप्रेज'ला हा 'ऑफ' लागत नाही. 'ही अप्रेज्ड द रिंग', त्याने अंगठीचे मोल ठरवले, बस्स.

आता हे मोल ठरवणे आपल्या रत्नागिरीला नवे नाही. खोतीच्या काळात पीक शेतात उभे असतानाच दाणा किती पडेल याचा अंदाज बांधला जाई. त्याला अभावणी म्हणत. त्या अंदाजावर खोताचा हिस्सा ठरे. अंदाज चढा धरला, तर मळणीनंतर कुळाच्या घरात काय उरणार? बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा तेथे नेला. खोती निर्मूलनाचा कायदा मात्र १९४९ चा. इतकी वर्षे आपल्या आज्या-पणज्यांच्या घामाचे अप्रेजल दुसऱ्याच्या नजरेने होत राहिले.

कार्यालयातही नजर साहेबाचीच असते. म्हणून २००८ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा देव दत्त खटल्यातील निकाल नोकरदार बांधवांनी लक्षात ठेवावा. त्यांना एका वर्षी 'गुड' शेरा मिळाला होता. बढतीला 'व्हेरी गुड' लागत होते. 'गुड' काही वाईट शेरा नव्हे, म्हणून तो त्यांना कळवलाच नव्हता. न्यायालयाने सांगितले की शेरा चांगला असो वा वाईट, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. म्हणजे ज्याला अप्रेज केले, त्याला अप्राइज करणे भाग आहे.

बंधूंच्या अर्जातला शब्द दुरुस्त केला. खाली आणखी एक ओळ घातली, मागील पाच वर्षांच्या अहवालांच्या प्रती मिळाव्यात. मंगळवारी त्यांनी अर्ज आवक शाखेत दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली.