गाडी दहा मिनिटं थांबेल!

गेल्या रविवारी बाबांना घेऊन ठाण्याला गेले. गाडी मीच चालवत होते. इगतपुरीजवळ समृद्धीवर चढले, जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा आला, गेला, आणि कसारा घाट लागलाच नाही. मी एकदम खूश! बाबा मात्र गप्प. आमण्याला बाहेर पडल्यावर म्हणाले, ‘‘चहा राहिला.’’

आमच्या घरात मुंबई म्हणजे घाटाजवळच्या एका हॉटेलात थांबणं आलंच. बाबा घरी पेपरच्या मागे असतात; तिथे पेपर नसतो. मी मास कॉम करणार म्हटल्यावर घरात उठलेलं वादळ त्याच हॉटेलातल्या सनमायकाच्या टेबलावर, दोन प्लेट भज्यांत शमलं होतं.

तर ही हॉटेलं तिथेच का? कारण चढताना इंजिन तापायचं आणि उतरताना ब्रेक. १९४८ साली एसटी सुरू झाली, पुढे ट्रक वाढले, अँबेसेडर-फियाट आल्या. मुंबई-आग्रा रोडवरचा हा घाट चढायचा तर रेडिएटरला पाणी हवंच. गाडी गार होईपर्यंत माणसं काय करणार? चहा पिणार! म्हणून कसारा, इगतपुरी, घोटी. ट्रकवाल्यांसाठी बाजा टाकलेले ढाबे आणि एसटीवाल्यांसाठी वडा-उसळ. (ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण फुकट, हे तर सगळ्या गाडीला माहीत असलेलं गुपित.)

आपल्याकडे हॉटेल म्हणजे खायची जागा, झोपायचं तर लॉज. अमेरिकेत दोन्ही एकत्र आलं आणि १९२५ साली कॅलिफोर्नियात पहिल्यांदा ‘मो-टेल’ अशी पाटी लागली. पुढे ‘रूट ६६’वर मोटेलं आणि डायनरं फोफावली. पण १९५६ च्या कायद्याने तिथे सुसाट इंटरस्टेट रस्ते आले, गाड्या गावांना वळसा घालून जायला लागल्या आणि १९८५ मध्ये ‘रूट ६६’ सरकारी यादीतूनच गेला. गंमत म्हणजे आपला राष्ट्रीय महामार्ग कायदाही १९५६ चाच!

आपला वळसा ५ जून २०२५ ला सुरू झाला. त्या दिवशी समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. या रस्त्याला कुंपण आहे, मनात आलं म्हणून कडेला टपरी टाकता येत नाही. वेळ वाचतो, खोटं कशाला बोलू? डेडलाइन असेल तर मी परत बोगद्यातूनच जाईन.

पण येताना जुन्या रस्त्याने आलो. ट्रक होते, एसटी होती. आमच्या हॉटेलात मात्र रविवार असूनही कोपऱ्यातलं टेबल लगेच मिळालं. पूर्वी त्यासाठी उभं राहावं लागायचं. मालकांनी बाबांना ओळखलं, ‘‘बऱ्याच दिवसांनी, साहेब!’’ बाबांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि विचारलं, ‘‘हे तुझं फ्रीलान्स... म्हणजे महिन्याला नक्की किती सुटतात?’’

मी अजून एक प्लेट भजी मागवली.