एका गुणाचा हिशेब

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी जुन्या वह्या पुसून पाटावर मांडायचे काम आमच्या घरी माझ्याकडे असते. उभी हयात जमाखर्चात गेली, म्हणून हा मान घरच्यांनी मला कायमचा देऊन टाकला आहे. यंदा मी त्या कामाला बसलो आणि पुतण्या गाल फुगवून समोर येऊन उभा राहिला. हातात मोटारींच्या शर्यतींचे जाडजूड पुस्तक.

“काका, 2008 साली मासाने सहा शर्यती जिंकल्या, हॅमिल्टनने पाच. आणि जगज्जेता कोण, तर हॅमिल्टन! हा कुठला न्याय?”

“गुण किती?”

“हॅमिल्टन 98, मासा 97.”

आता, मोटार ही वस्तू मला मागच्या आसनावरून जेवढी दिसते तेवढीच ठाऊक. पण एकाचा फरक म्हटला की जुन्या हिशेबनिसाला राहवत नाही. दहा पैशांची तफावत सापडेपर्यंत रात्री नऊ-नऊ वाजेतो कचेरीत बसणारी आमची पिढी! पुस्तक मी ओढून घेतले. पाने उलटता उलटता 1958 साल लागले, आणि चहा कधी गार झाला ते कळले नाही.

त्या वर्षी लढत दोन इंग्रजांत होती. व्हॅनवॉल गाडीवर स्टर्लिंग मॉस, फेरारीवर माइक हॉथॉर्न. मॉसने चार शर्यती जिंकल्या, हॉथॉर्नने एकच, ती फ्रान्समधली. शेवटी हॉथॉर्न 42, मॉस 41! पुतण्याचे गाल आणखी फुगले.

त्या काळी पहिल्याला 8 गुण, मग 6, 4, 3 आणि पाचव्याला 2. शिवाय सर्वांत वेगवान फेरी मारणाऱ्याला वर 1. शर्यती अकरा, पण हिशेबात धरायच्या फक्त उत्तम सहा. दहावीला सहा विषयांतले उत्तम पाच धरतात ना, तोच प्रकार. हॉथॉर्नने वर्षभरात मिळवले 49, त्यांतले सात या नियमाने गळाले. आता मी पाटीवर वेगवान फेरीचे जादा गुण दोघांच्याही खात्यातून वजा केले. हॉथॉर्न : एक विजय, पाच दुसरे क्रमांक, म्हणजे 38. मॉस : चार विजय, एक दुसरा क्रमांक, तेही 38!

मी दोनदा बेरीज केली. चार विजय आणि एक विजय, तराजू बरोबर! पहिल्याला 8 आणि दुसऱ्याला 6 ठेवले, की रोज दुसरा येणारा माणूस अधूनमधून पहिल्या येणाऱ्याला गाठतोच. मग जगज्जेता ठरवला तो त्या किरकोळ जादा गुणांनी. हिशेबात धरलेले असे गुण हॉथॉर्नचे चार, मॉसचे तीन.

त्यांतला एक गुण पोर्तुगालमधला, पोर्तो गावचा. तिथे मॉस पुढे होता. हॉथॉर्नने विक्रमी फेरी मारली, तेव्हा मॉसच्या माणसांनी पाटी दाखवली, ‘हॉथ. रेक.’, म्हणजे रेकॉर्ड. धावत्या गाडीतून मॉसने वाचले ‘रेग.’, म्हणजे रेग्युलर, सारे नेहमीप्रमाणे! तो निवांत राहिला. तो एक गुण त्याने खेचून घेतला असता, तर मॉस 42 आणि हॉथॉर्न 41.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. शेवटच्या फेरीत हॉथॉर्नची गाडी घसरून बंद पडली. उताराचा फायदा घेऊन त्याने ती सुरू केली, पण उलट दिशेने. पंच त्याला बाद करायला निघाले. तेव्हा मॉस स्वतः पंचांकडे गेला आणि म्हणाला, हॉथॉर्न उलट आला तो पदपथावरून, शर्यतीच्या रस्त्यावरून नव्हे. पंचांनी ऐकले आणि हॉथॉर्नचे 7 गुण शाबूत राहिले. बाद झाला असता तर त्यांच्या जागी पुढचे 4 धरले गेले असते, बेरीज 39. मॉसचे 41 होतेच!

शेवटची शर्यत ऑक्टोबरात कासाब्लांकाला. मॉसने ती जिंकली, वेगवान फेरीही मारली. पण फेरारीच्या फिल हिलने आपली दुसरी जागा सोबत्याला, हॉथॉर्नला देऊन टाकली. त्याच शर्यतीत मॉसचा सहकारी स्टुअर्ट लुइस-इव्हान्स भाजला आणि सहा दिवसांनी गेला. हॉथॉर्नने शर्यती सोडल्या. जानेवारी 1959 मध्ये साध्या रस्त्यावरच्या अपघातात तोही गेला, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी. मॉस 2020 पर्यंत, नव्वद वर्षे जगला. जगज्जेता मात्र कधीच झाला नाही.

पुढे नियम पुष्कळ बदलले. 1991 पासून सगळ्याच शर्यती हिशेबात येतात, 2010 पासून पहिल्याला 25 आणि दुसऱ्याला 18. तो कोष्टक लावून पाहिला, तरी हॉथॉर्नच पुढे!

मी मान वर केली. पुतण्या बराच वेळ गप्प होता.

“काका, साक्ष दिली ते ठीक,” तो म्हणाला, “पण पाटी नीट वाचायला नको होती?”

“ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर वेगात तू वाचून दाखव.”

“चष्मा असता तर...” एवढ्यात आतून काकूने वह्या आणायला हाक मारली. माझ्या वह्या अजून पुसायच्या राहिल्याच होत्या.