‘घरी न्या’

दिवाळीच्या अंकात कर्करोगाचे नाव काढले म्हणून वाचकांनी संपादकांवर रागावू नये. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी उंबऱ्याबाहेर दक्षिणेकडे वात करून आपण कणकेचा दिवा ठेवतो, तो यमासाठीच ना? सणाच्या पहिल्याच संध्याकाळी मरणाची आठवण ठेवणारी आपली माणसे. त्यांच्याशी चार शब्द त्याच विषयावर बोलल्याने फराळ कडू व्हायचे कारण नाही.

माझे भांडण दोन शब्दांशी आहे: ‘घरी न्या’. नांदेड-लातूरकडच्या किती घरांनी हे शब्द ऐकले असतील! तंबाखूच्या चिमटीने वा गुटख्याच्या पुडीने गालात गाठ धरली. शस्त्रक्रिया झाली, विजेचे शेक झाले, सलाईनमधून औषधे गेली आणि त्यांच्या पाठोपाठ शेताचा एक तुकडाही गेला. वर्षभर बरे गेले आणि दुखणे उलटले. मग डॉक्टरांनी कागद परत दिले आणि मान हलवली.

हे शब्द नेहमीच चुकीचे असतात असे मी म्हणत नाही. पुष्कळदा तेच खरे असतात, आणि अशा वेळी वेदना थांबवणारे औषध, आपले अंथरूण आणि उशाशी बसलेली माणसे यांहून मोठा उपचार नसतो. माझी तक्रार एवढीच की हे शब्द चौकशीच्या आधी उच्चारले जातात. ‘माझ्याजवळचे उपचार संपले’ हे एक वाक्य, आणि ‘उपचार संपले’ हे दुसरे. या दोहोंतला भेद सातवीच्या पोरालाही समजावा. पहिले बोलणारा प्रामाणिक असतो. दुसरे बोलणाऱ्याला ते बोलण्याचा अधिकार कोणी दिला, हे विचारायला हवे.

कारण उपचार कोठे संपतात याची सीमारेषा सारखी सरकत असते, आणि ती सरकते औषधचाचण्यांनी. ज्यांना रुग्णालयात सरसकट ‘ट्रायल’ म्हणतात. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात २०१६ पासून अशीच एक चाचणी चालू होती. उलटलेल्या किंवा शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या तोंड-घशाच्या कर्करोगाचे ४२२ रुग्ण तीत घेतले. निम्म्यांना शिरेतून सिस्प्लॅटिन हे रूढ औषध दिले. निम्म्यांना मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या दोन जुन्या, स्वस्त गोळ्या. २०२० साली निकाल लागला. शिरेतल्या औषधावर निम्मे रुग्ण ६.१ महिन्यांच्या पुढे गेले होते, तर गोळ्यांवरचे निम्मे ७.५ महिन्यांच्या पुढे. शिवाय गोळ्यांचा त्रास कमी. पुढे या गोळ्यांत तिसऱ्या एका गोळीची भर घालून त्याच रुग्णालयाने नवी चाचणी केली. त्या त्रिकुटाला निवोलुमॅब या महागड्या इंजेक्शनची जोड दिली; पण मात्रा किती? प्रचलित मात्रेच्या एक-दशांशाहूनही कमी, तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम. रुग्ण १५१. २०२३ साली निकाल छापला गेला: वर्षअखेरीस नुसत्या गोळ्यांवरच्या शंभरांपैकी सुमारे १६ हयात होते, इंजेक्शनची जोड मिळालेल्यांपैकी ४३.

सोळा आणि त्रेचाळीस! रोग समूळ गेला असा दावा येथे नाही. पण एक वर्ष म्हणजे काय, हे ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घराला विचारावे. एक वर्ष म्हणजे पुढची दिवाळी. रक्ताच्या काही कर्करोगांत तर याहून मोठी उडी पडली आहे. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढून, त्यांना प्रयोगशाळेत शिकवून-सवरून परत शरीरात सोडायच्या, असा उपचार टाटा रुग्णालय आणि पवईची आय. आय. टी. यांनी मिळून खारघरला ४ जून २०२१ रोजी प्रथम केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली. मान्यतेपूर्वीच्या दोन वर्षांत तो ज्यांना मिळाला, ते सारे चाचणीतले रुग्ण होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘म्हणजे आमच्या माणसाचा उंदीर करता!’ हा आक्षेप अडाणीपणाचा नाही. २००९-१० साली आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा येथे मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस टोचण्याचा उपक्रम झाला. कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. संसदेच्या समितीने २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. पण त्याच संतापातून पुढचे कायदे कडक झाले. २०१९ च्या नियमांनुसार रुग्णाला समजेल अशा भाषेत सारे सांगून लेखी संमती घ्यावी लागते. तो निरक्षर असेल तर तटस्थ साक्षीदार हवा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, आणि नुकसानभरपाईही. ज्या समितीने परवानगी द्यायची तीत एक सामान्य नागरिक असावाच लागतो. आणि रुग्णाला कोणत्याही दिवशी ‘मी निघालो’ म्हणता येते. त्यासाठी कारण द्यावे लागत नाही. आता मला सांगा, आपल्याकडच्या नेहमीच्या दवाखान्यात इतके हक्क कागदावर तरी कोणी देते काय?

दुसरा आक्षेप: ‘नवे औषध कोणाला आणि जुने कोणाला, हे चिठ्ठी टाकून ठरवतात.’ होय, ठरवतात. नवे ते चांगलेच, हे आधी ठाऊक असते तर चिठ्ठीची गरजच नव्हती. पण या चिठ्ठीचा हिशेब आम्हा मराठवाड्यातल्यांना कोणी शिकवायला नको. ज्या उस्मानाबाद जिल्ह्यातून १९८२ साली लातूर जिल्हा निघाला, त्याच आजच्या धाराशिवात ऑक्टोबर १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायांवर एक प्रचंड चाचणी झाली. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि टाटा रुग्णालय तीत होते. गावांचे ५२ गट पाडले. काही गटांतल्या बायांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी विषाणूचाचणी झाली, काहींची दुसऱ्या पद्धतींनी तपासणी झाली, आणि ३१,४८८ बायांच्या वाट्याला नेहमीचीच व्यवस्था आली. विषाणूचाचणी झालेल्या ३४,१२६ बायांपैकी ३४ जणी या रोगाने दगावल्या. काहीच तपासणी न झालेल्यांतल्या ६४. त्या शेवटच्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढे टीका झाली, आणि ती रास्त होती. पण एवढ्या बायांनी दिलेल्या पुराव्याने जगाचे डोळे उघडले. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने हीच विषाणूचाचणी पहिल्या पसंतीची ठरवली. आणि आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात ती अजून सर्रास मिळत नाही! जगाला पुरावा देताना मराठवाडा जवळ होता. पुराव्याचे फळ वाटताना तो दूर झाला. आम्ही आता ट्रायलची वाट विचारतो ती भीक म्हणून नव्हे. आमचे येणे बाकी आहे.

ही वाट सापडते कशी? दिल्लीला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००७ साली औषधचाचण्यांची नोंदवही सुरू केली. २००९ पासून नोंद सक्तीची आहे. कोणत्या रोगावर, कोणत्या गावी, कोणत्या टप्प्याची चाचणी, रुग्ण कसा हवा, कोणाला भेटावे, हे सारे तीत फुकट पाहायला मिळते. पहिल्या टप्प्यात मात्रा किती सोसते ते पाहतात, दुसऱ्यात गुण येतो का, आणि तिसऱ्यात चालू उपचाराशी तुलना होते. सारे चोख आहे, पण इंग्रजीत. गावात इंग्रजी कागद आला की तो मास्तराकडे येतो, माझ्याकडेही येतात. एकेका वाक्यासाठी शब्दकोश दोनदा उघडावा लागतो. ज्याला जीव वाचवायचा आहे, त्याची आधी इंग्रजीची परीक्षा घेणे हा कुठला न्याय? तोवर वाचकांनी एवढे तरी करावे: गाठीच्या तपासणीचा अहवाल, तिचे ब्लॉक आणि काचपट्ट्या, दिलेल्या प्रत्येक औषधाची तारीखवार यादी जपून ठेवावी. आणि रुग्ण हिंडता-फिरता असतानाच विचारणा करावी. अंथरुणाला खिळल्यावर बहुतेक चाचण्यांची दारे बंद होतात.

आता थोडे आपल्या घरातले. ‘डॉक्टर, त्यांना सांगू नका हं!’ मायेपोटी आपण रुग्णालाच त्याच्या रोगाची बातमी देत नाही. पण संमतीपत्रावर सही त्याची लागते, मुलाची किंवा जावयाची नव्हे. ज्याला रोगाचे नाव माहीत नाही तो सही कशावर करणार? अण्णांना कळले तर ते खचतील, असे आपण म्हणतो; अण्णांनी दुष्काळ पचवले, कर्जे फेडली, दोन मुलींची लग्ने केली. त्यांच्या स्वतःच्या देहाविषयी तेवढे त्यांना कळू द्यायचे नाही, या मायेला मी माया म्हणणार नाही.

आणि ही वाट बंद असली की दुसरी उघडते. खात्रीचा इलाज सांगणारा वैदू, पुडी देणारा बुवा, नाहीतर ‘ट्रायल आहे’ म्हणून लाखाची पावती फाडणारा चकचकीत दवाखाना. त्याला नोंदणीचा क्रमांक विचारा, बघा कसा गडबडतो! बुवा म्हणतो, ‘मला ठाऊक आहे.’ खऱ्या चाचणीतला डॉक्टर सहीशिक्क्यानिशी लिहून देतो, ‘मला अजून ठाऊक नाही, आपण मिळून पाहू.’ या दोघांत विश्वास ठेवण्याजोगा दुसराच.

मुंबई सहाशे किलोमीटर आहे, हे खरेच. रेल्वेत शयनयानाचे रुग्णाचे भाडे माफ आहे, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. पण दर तीन आठवड्यांनी नंदीग्राम एक्स्प्रेस पकडणे कोणत्या शेतमजुराला झेपेल? नांदेडला १९८८ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला २००२ पासून. देशातल्या कर्करोग रुग्णालयांना एका सूत्रात बांधणारे जाळे २०१२ पासून आहे. गोळ्यांच्या चाचणीला खाट लागत नाही. पहिली तपासणी मुंबईस आणि पुढची पाहणी नांदेडात, लातुरात, एवढी सोय करायला पैशापेक्षा इच्छा अधिक लागते.

म्हणून मागणी साधी आहे. ती नोंदवही मराठीत आणा. या दोन्ही सरकारी रुग्णालयांत ती वाचून दाखवणारा एक माणूस बसवा. आणि कोणत्याही डॉक्टरांना ‘घरी न्या’ म्हणायचे असेल तर त्यांनी खुशाल म्हणावे. मात्र त्याआधी कागदावर लिहून द्यावे, की कोठे कोठे विचारले आणि काय उत्तर आले.