मथळ्यातील ‘लाडकी’

आमच्या मराठवाड्यात लहानग्या लेकीलाही आई लाडाने ‘माय’ म्हणून हाक मारते. त्या हाकेत जो ओलावा असतो तो हाक मारणारी कोण आणि जिला मारली ती कोण, ह्यावर अवलंबून असतो. तोच शब्द तिऱ्हाइताच्या तोंडी गेला म्हणजे ओलावा आटतो आणि नुसती सलगी उरते. वृत्तपत्रांनी सध्या चालविलेल्या ‘लाडकी’ ह्या शब्दाचे असेच झाले आहे.

जून २०२४ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. २१ ते ६५ वर्षे वयाच्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असलेल्या स्त्रियांच्या खात्यांत दरमहा १५०० रुपये जमा करावयाचे, असे तिचे स्वरूप. योजनेचे गुणदोष हा आजचा विषय नव्हे. नांदेड-लातूरकडे जिचे घर रोजंदारीवर चालते, तिला ह्या रकमेचे मोल काय, हे सांगावयास नको. योजनेस काय नाव द्यावे हेही शासनाने ठरवावे. परंतु ते नाव अवतरणचिन्हांतून सोडवून सरसकट प्रत्येक लाभार्थी स्त्रीस ‘लाडकी बहीण’ म्हणण्याची सक्ती वृत्तपत्रांवर कोणी केली होती?

बहीण म्हटली की भाऊ आला, आणि भाऊ आला की ओवाळणी आली. वस्तुतः हा पैसा सरकारी तिजोरीतला. साबण-तेल विकत घेताना ती स्त्रीही त्या तिजोरीत कराची भर घालीतच असते. परंतु मथळ्यात ती ‘बहीण’ झाली, की हक्काच्या रकमेची ओवाळणी होते. ओवाळणी उशिरा का आली, कमी का आली, हे विचारणे आपल्याकडे शिष्टसंमत नाही. प्रश्न विचारण्याचा नागरिकाचा अधिकार अशा रीतीने एका गोड विशेषणाखाली दडपला जातो.

शिवाय आपल्या कहाण्यांतून आवडतीच्या मागे नावडती ठरलेली असते. २०२५ मध्ये अर्जांची छाननी झाली, ई-केवायसी बंधनकारक झाली आणि कालच्या ‘लाडक्या’ मथळ्यांतून आज ‘दोडक्या’ झाल्या. यमक साधले, पण कागदाअभावी नाव वगळले गेलेल्या स्त्रीची त्यात थट्टा झाली. ती अर्जदार होती. आपण अपात्र का ठरलो, हे कळण्याचा तिला हक्क होता. मर्जीतून उतरलेल्या बहिणीला मात्र असा हक्क कुठला?

कोणी म्हणतील, ‘दादा’, ‘ताई’, ‘भाऊ’ ही तर लोकांचीच भाषा. वृत्तपत्राने एवढे सोवळे का राहावे? गोविंदभाई श्रॉफ ह्यांना मराठवाडा ‘भाई’ म्हणे, हे आम्हांसही ठाऊक आहे. पण हैदराबाद मुक्तिसंग्रामापासूनच्या सहवासातून लोकांनी जोडलेले ते नाते होते. कोणा शासकीय निर्णयाने ते जोडलेले नव्हते. लोकांनी जोडलेले नाते छापणे निराळे आणि सत्तेने जाहीर केलेले नाते लोकांच्या गळ्यात बांधणे निराळे.

ह्याच भूमीत एक चांगला दाखला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत घरदुरुस्तीच्या कामी गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. ते नाव नात्याचे नव्हते, कामाचे होते. म्हणूनच त्यात मान होता.

आमच्या व्यवसायबंधूंस आमची विनंती एवढीच. योजनेचे नाव छापावयाचे तेथे ते अवतरणांत छापावे. स्त्रियांविषयी लिहिताना लाभार्थी, अर्जदार, शेतमजूर, ऊसतोड कामगार असे लिहावे. कंधार-मुखेडच्या फडकरी बाईला लाड करणारी माणसे तिच्या घरी आहेत. वर्तमानपत्राने तिला नागरिक म्हणून ओळखले, तरी पुष्कळ झाले.