पाना आणि परवाना

गेल्या पंधरवड्यात एक तरुण आमच्या कचेरीत आला होता. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून सहा वर्षे त्याने दुसऱ्याच्या गॅरेजात हात काळे केले. मग आईचे दागिने गहाण ठेवून उपनगरात एक गाळा भाड्याने घेतला. त्यास आज चार महिने झाले. भाड्याची तारीख चुकत नाही, परवाना मात्र हाती पडत नाही. त्याची कागदांची पिशवी आम्ही पाहिली, तेव्हा दोष कोणा एका कारकुनाचा नसून व्यवस्थेचाच आहे, हे आमच्या ध्यानी आले.

कायदा सर्वस्वी निर्दय आहे, असे नव्हे. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या जागी २०१७ साली नवा कायदा आला आणि त्याने दहांहून कमी कामगार असलेल्या दुकानदारास नोंदणीऐवजी नुसती सूचना देण्याची मोकळीक दिली. वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल, तर वस्तू व सेवा कराची नोंदणीही सामान्यतः सक्तीची नाही. उद्यम नोंदणी तर २०२० पासून विनामूल्य आहे. येथवर वाट मोकळी आहे. ती अडते महापालिकेच्या दारी. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमान्वये धोक्याच्या वा उपद्रवाच्या धंद्यांस परवाना लागतो. या तरुणाकडे परवाना खात्याने अग्निशामक दलाचा दाखला मागितला; त्या दाखल्यासाठी इमारतीचे भोगवटा पत्र हवे; आणि ते घरमालकापाशीच नाही! चूक बांधणाऱ्याची, शिक्षा भाडेकरूस. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवेस कालमर्यादा घातली व दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्यास दंडही सांगितला. परंतु ते घड्याळ अर्ज परिपूर्ण झाल्यावाचून चालू होत नाही, आणि हा अर्ज कधी परिपूर्ण व्हावयाचाच नाही.

नियमच नकोत, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. जळके तेल गटारात सोडणारे आणि पदपथ अडवून इंजिने उघडणारे महाभाग आम्हीही रोज पाहतो. वापरलेल्या तेलासंबंधी २०१६ चे व बॅटऱ्यांसंबंधी २०२२ चे नियम योग्यच आहेत. ते पाळलेच पाहिजेत. पण या कागदांच्या राशीत एक प्रश्न कोठेच आढळत नाही : ब्रेक दुरुस्त करणाऱ्यास ब्रेक कळतो काय? जर्मनीत वाहनदुरुस्तीचा स्वतंत्र धंदा काढण्यास सामान्यतः त्या कारागिरीतील उस्तादाची परीक्षा द्यावी लागते. आमच्याकडे भिंतीची चौकशी होते, हाताची होत नाही.

याचा परिणाम काय होतो? गॅरेज उघडावयाचे राहत नाही. ते परवान्याविना उघडते. आणि विनापरवाना दुकान म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या कृपेवर जगणारे दुकान. मग तेल कोठे जाते, हे विचारण्याचा नैतिक अधिकार कोणास उरतो?

आमच्या सूचना साध्या आहेत. लागणाऱ्या कागदांची एकच यादी क्षेत्रीय कार्यालयाच्या भिंतीवर लावावी व सर्व खात्यांनी पाहणी एकाच दिवशी करावी. इमारतीचे कागद अपुरे असले, तरी अग्निशमनाची साधने व तेलाची विल्हेवाट यांची खातरजमा करून लहान गॅरेजास मुदतीचा, सशर्त परवाना द्यावा. भोगवटा पत्राचा तगादा मालकामागे लावावा. वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोचविण्याची सोय प्रत्येक प्रभागात करावी. अनुभवावर शिकलेल्या कारागिरांची परीक्षा घेऊन त्यांस प्रमाणपत्र देण्याची योजना केंद्र सरकारची आहेच. तिचा उपयोग गॅरेजांच्या गल्लीपर्यंत पोचवावा.

नोकऱ्या नाहीत म्हणून तरुणांनी धंद्यात उतरावे, असा उपदेश व्यासपीठांवरून रोज होतो. त्या उपदेशावर विश्वास ठेवून एका तरुणाने आईचे दागिने सावकाराच्या पेढीवर ठेवले आहेत. ते सोडवावयाचे की बुडवावयाचे, हे त्याच्या हातातील पान्यावर ठरले पाहिजे. कोणाच्या टेबलावरील फायलीवर नव्हे.