मराठी मेसेजला दुप्पट बिल कशासाठी?

नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने लागोपाठ दोन आदेश काढले. पहिल्या आदेशाने डीएलटी या नोंदणी-प्रणालीवर नोंदवलेल्या टेम्प्लेटमधल्या, म्हणजे मेसेजच्या ठरीव मजकुरातल्या, प्रत्येक व्हेरिएबलला (बदलत्या जागेला) आधीच टॅग लावणे सक्तीचे केले. त्या जागी लिंक येणार, फोन नंबर येणार की नुसता आकडा, हे नोंदणीच्या वेळीच सांगायचे आणि त्यासाठी मुदत साठ दिवसांची. दुसऱ्या आदेशाने बँका व वित्तसंस्थांना सेवाविषयक फोन १६०० मालिकेतल्या नंबरवरूनच करण्याच्या तारखा ठरवून दिल्या. त्यात सहकारी बँकांच्या वाट्याला १ मार्च २०२६ ही तारीख आली. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत दूध संस्थांचे सचिव, पतसंस्थांचे व्यवस्थापक आणि नागरी बँकांचे संगणक विभागप्रमुख एकच गाऱ्हाणे मांडत आहेत. टेम्प्लेट नाकारले जाते, मेसेज मधेच गळतो आणि एवढे करून बिल वाढते. या पत्रांतल्या बऱ्याच तक्रारी आळसातून आलेल्या आहेत, त्यांचा समाचार पुढे घेऊच. पण एक तक्रार शंभर टक्के रास्त आहे आणि तिच्यावर एकही अधिकारी बोलायला तयार नाही. सभासदाला त्याच्या भाषेत मेसेज पाठवला की संस्थेला इंग्रजीच्या दुप्पट, कधी तिप्पट पैसे मोजावे लागतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. हेडर (मेसेजवर दिसणारे पाठवणाऱ्याचे नाव), टेम्प्लेट आणि १६०० मालिका या व्यवस्थेला आमचा विरोध नाही. ट्रायच्या २०१८ च्या नियमावलीने ही चौकट उभी केली आणि मार्च २०२१ मध्ये ती एका रात्रीत लागू करताना ओटीपी अडकले, तेव्हा आठवडाभर माघार घ्यावी लागली हेही खरे. तरी हेतू योग्यच होता. २०२२ मध्ये ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ असे मेसेज साध्या दहा अंकी नंबरांवरून राज्यभर फिरले. महावितरणने वारंवार सावध करूनही लोकांची खाती रिकामी झाली. पाठवणारा कोण आहे हे मेसेजच्या माथ्यावरच कळले पाहिजे, यावर दुमत असू शकत नाही. मे २०२५ पासून सहा अक्षरी हेडरच्या शेवटी पी, एस, टी किंवा जी लागू लागले. जाहिरात कोणती, सेवा कोणती, व्यवहार कोणता आणि सरकारी सूचना कोणती हे त्यावरून ओळखता येते. परंतु वीज तोडण्याचे ते खोटे मेसेज बहुतेक इंग्रजीत होते आणि आपल्या संस्थांचे खरे मेसेजही इंग्रजीतच जातात. ज्या सभासदाला दोन्ही वाचता येत नाहीत, त्याच्यासाठी खरा आणि खोटा सारखाच. तो मेसेज उघडून नातवाला किंवा शेजाऱ्याला दाखवतो आणि ते सांगतील त्यावर विसंबतो. शेवटचे एक रोमन अक्षर त्याला वाचवू शकत नाही. ओळख पटवण्याचा सगळा खटाटोप मजकूर वाचता येण्यावर उभा आहे आणि नेमक्या त्याच जागी आकारणीची पद्धत आडवी येते.

हिशेब करून पाहू. दूध संस्थेच्या संगणकातून सकाळच्या संकलनानंतर असा मेसेज जातो: ‘दि. १२ सकाळ: दूध ८.५ लि., फॅट ४.१, एसएनएफ ८.५, दर ३४.८०, रक्कम २९५.८०’. यात एकही शब्द फालतू नाही. यंत्राच्या मोजणीत तो ६९ जागा घेतो, कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त आणि मोकळी जागा यांतले प्रत्येक स्वतंत्र मोजले जाते. ‘श्रीकृष्ण’ या नावात डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, यंत्र नऊ धरते. युनिकोड मेसेजची मर्यादा ७० आहे, म्हणजे आपल्या मेसेजमध्ये एकच जागा उरली. संस्थेचे नाव त्यात मावत नाही आणि नावाशिवाय मेसेजला अर्थ नाही. नाव जोडले की मर्यादा ओलांडते, मेसेजचे प्रत्येकी ६७ जागांचे दोन भाग होतात आणि बिल दोन मेसेजचे लागते. हाच मजकूर इंग्रजीत साठेक जागांत बसतो आणि १६० च्या मर्यादेत संस्थेच्या नावासाठी शंभरेक जागा उरतात. ४०० सभासदांच्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला ८०० आणि तीस दिवसांत २४ हजार मेसेज जातात. मराठीत पाठवले तर बिल ४८ हजार मेसेजचे येते. दर कोणताही असो, रक्कम दुप्पट होणार. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचनेत तारीख, वार, वेळ, ठिकाण आणि विषय आले की तीन भाग सहज होतात. मग सचिव काय करतो? टेम्प्लेट इंग्रजीत नोंदवतो. त्याला दोष देण्याआधी ही आकडेमोड समोर ठेवली पाहिजे.

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे: हा तंत्रज्ञानाचा नियम आहे, आमचा नाही. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजीचे अक्षर सात बिटांत बसते म्हणून १६०, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात म्हणून ७०. हे गणित बरोबर आहे. पण एका मेसेजमध्ये किती मावते हा तंत्राचा प्रश्न झाला आणि त्याचे किती पैसे घ्यायचे हा धंद्याचा. हे दोन प्रश्न मुद्दाम एकत्र बांधले जातात. भाग दोन असले तरी हँडसेट ते जोडून सभासदाला एकच मेसेज दाखवतो. टेम्प्लेट एकच असते, हेडर एकच असते आणि सूचनाही एकच असते. पोस्टकार्डावर मराठीत लिहिले म्हणून टपाल खात्याने कधी दुप्पट तिकीट मागितले नाही. तंत्राच्या बाजूनेही दार पूर्ण बंद नाही. मोबाइलची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या २३.०३८ या मानकात दहा भारतीय भाषांचे तक्ते आहेत. हिंदीच्या नावाखाली देवनागरीचाही तक्ता आहे आणि तो वापरला तर मर्यादा दीडशेच्या आसपास जाते. मात्र पाठवणारी यंत्रणा आणि घेणारा हँडसेट या दोघांनी तो ओळखला पाहिजे. जुन्या फोनवर अगम्य चिन्हे उमटण्याचा धोका आहे. म्हणून आम्ही त्या तक्त्याचा हट्ट धरत नाही. आमची मागणी त्याहून सोपी आहे, कारण तिच्यासाठी एकही हँडसेट बदलावा लागणार नाही. भारतीय भाषेतल्या सेवा, व्यवहार आणि सरकारी वर्गाच्या मेसेजची आकारणी भागांवर न करता मेसेजवर करा. तीन भागांपर्यंत एकच मेसेज धरा.

‘नियामकाने दरात हात घालू नये, बाजार ठरवेल’ असाही आक्षेप घेतला जाईल. पण नियामकाने या दरात हात कधीच घातलेला आहे. २०१८ च्या नियमावलीतच जाहिरातीच्या आणि सेवेच्या मेसेजवर पाच पैशांपर्यंतचा आकार कंपन्यांनी एकमेकांकडून घ्यावा अशी तरतूद आहे आणि सरकारी संदेशांना त्यातून सूट आहे. आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी ट्रायने २०२२ मध्ये वेगळा दर ठरवला. म्हणजे संदेशाचा उद्देश पाहून दर ठरवण्याचा पायंडा नियामकानेच पाडलेला आहे. शिवाय इथे मोकळ्या बाजाराची भाषा शोभत नाही. दहा अंकी नंबरवरून मेसेज पाठवायचा नाही, नोंदणी नसलेले टेम्प्लेट वापरायचे नाही, लिंकसुद्धा आधी मंजूर करून घ्यायची, इतकी बंधने नियमाने घातली आहेत. ज्या रस्त्यावरून जाण्याची सक्ती आहे, त्या रस्त्याच्या टोलमध्ये भाषेवरून फरक करू नये, एवढेच आमचे म्हणणे.

दोन पळवाटा सुचवल्या जातात, त्यांचाही निकाल लावू. पहिली, रोमन लिपीत मराठी लिहा. या लिपीत ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’, ऱ्हस्व आणि दीर्घ यांचा भेद जातो. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला रोमनही सराईतपणे वाचता येत नाही. ज्याला येते त्याला अशा मराठीची गरज नाही. म्हणजे ज्याच्यासाठी हा उपाय, त्याच्याच तो कामाचा नाही. दुसरी, व्हॉट्सॲपवर ग्रुप करा. सभासदांत साधे फोन वापरणारे आजही आहेत आणि डेटा संपलेला फोन हा गावातला नेहमीचा प्रकार आहे. एसएमएसला डेटा लागत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्रुपवरचा मजकूर कोणीही पुढे ढकलतो, त्यात फेरफार करतो आणि मूळ पाठवणारा कोण हे कळत नाही. जो प्रश्न सोडवण्यासाठी हेडर आला, तोच प्रश्न आपण दुसऱ्या दाराने घरात घेत आहोत. ठेवीची मुदत, कर्जाचा हप्ता, सभेची सूचना या गोष्टी नोंद राहील अशाच मार्गाने गेल्या पाहिजेत.

आता मेसेज गळण्याचा मुद्दा. मंजूर टेम्प्लेट आणि प्रत्यक्ष मेसेज यांची जुळणी चिन्हागणिक होते. इंग्रजीत यामुळे एखादा स्वल्पविराम अडतो. मराठीत मात्र डोळ्यांना अजिबात न दिसणारी चूक अडवते. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द आपल्या निम्म्या मेसेजमध्ये असतो. त्यातला ‘ऱ्या’ दोन पद्धतींनी टाइप करता येतो. एका पद्धतीत नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त वापरतात, दुसऱ्या पद्धतीत साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. ‘ॲप’, ‘ॲडव्हान्स’ यांतल्या ‘ॲ’ची हीच गत: कधी तो एकच चिन्ह म्हणून येतो, कधी ‘अ’ आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हे. टेम्प्लेट एका कीबोर्डवर नोंदवले आणि संस्थेच्या सॉफ्टवेअरने मेसेज दुसऱ्या पद्धतीने तयार केला की मेसेज नाकारला जातो. सचिव दोन्ही मजकूर शेजारी ठेवून तासभर पाहत बसतो, फरक सापडत नाही. विचारणा केली तर ‘टेम्प्लेट जुळत नाही’ एवढेच उत्तर येते. जुळणीपूर्वी दोन्ही मजकूर एकाच प्रमाण रूपात आणणे हे प्रोग्रामरच्या दृष्टीने किरकोळ काम आहे. ते डीएलटी चालवणाऱ्या कंपन्यांनी आजवर केलेले नाही, कारण ते करा असे कोणी त्यांना बजावलेले नाही. व्हेरिएबलच्या टॅगसाठी साठ दिवसांची मुदत देणाऱ्या ट्रायला एक ओळीचा हा आदेशही काढता आला असता.

अधिकाऱ्यांना बोल लावून आपली सुटका नाही. अनेक संस्थांनी आजही स्वतःचा हेडर घेतलेला नाही. मेसेज पाठवून देणाऱ्या एजंटाच्या हेडरवर त्यांचे काम चालते आणि एजंट बदलला की सभासदाच्या ओळखीचे नावच बदलते. काही ठिकाणी वसुलीचे मेसेज व्यवस्थापकाच्या खासगी मोबाइलवरून जातात. हे यापुढे परवडणार नाही. नियमावलीच्या २०२५ च्या दुरुस्तीनुसार नियमभंग सिद्ध झाला तर पहिल्या वेळी पंधरा दिवस पाठवणाऱ्याची सर्व कनेक्शने बाहेर जाणाऱ्या फोन-मेसेजसाठी बंद होतात. पुन्हा घडले तर वर्षभरासाठी कनेक्शनच तोडले जाते. दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू होऊ शकते आणि सभासदाला १९०९ वर तक्रार करायला आता सात दिवस मिळतात. नियम माहीत नव्हता, ही सबब कोणी ऐकून घेणार नाही. आणि ज्यांच्याकडे स्वतःचा हेडर आहे, त्यांतल्या किती संस्थांनी तो पासबुकावर, दुधाच्या कार्डावर, शाखेच्या फलकावर छापला आहे? हेडरची यादी ट्रायच्या संकेतस्थळावर असून आपल्या सभासदाला तिचा उपयोग नाही. त्याला हेडर दारावर दिसला पाहिजे: ‘आमचा मेसेज याच नावाने येतो. दुसऱ्या नावाने आला तर विश्वास ठेवू नका.’ एवढे मराठीत लिहायला एक रुपयाही जास्त पडत नाही.

म्हणून या महिन्यात प्रत्येक संस्थेने चार कामे हाती घ्यावीत. आपली सर्व टेम्प्लेट काढून जी इंग्रजीत आहेत ती सभासदाच्या भाषेत पुन्हा लिहावीत आणि ‘माननीय सभासद महोदय’ यांसारख्या भारदस्त सुरुवाती गाळून तारीख, रक्कम आणि करायचे काम एवढेच ठेवावे. नोंदणी करताना आणि पाठवताना एकच कीबोर्ड, एकच टायपिंग पद्धत वापरावी आणि तशी लेखी सूचना सॉफ्टवेअर पुरवठादाराला द्यावी. हेडर पासबुकावर छापावा. आणि गेल्या तीन महिन्यांच्या मेसेज-बिलाची प्रत, त्यात किती मेसेज होते आणि किती भागांचे पैसे लागले हे स्पष्ट मांडून, आपल्या जिल्हा फेडरेशनकडे द्यावी. तोंडी तक्रारींना दिल्लीत किंमत नाही. शेकडो संस्थांची बिले एका टेबलावर ठेवली तर ‘हा तंत्राचा प्रश्न आहे’ हे उत्तर टिकणार नाही. फेडरेशनांनी ती एकत्र करून सहकार आयुक्तांमार्फत आणि थेट ट्रायकडे पाठवावीत. पुढच्या दुरुस्तीचा मसुदा हरकतींसाठी खुला होईल, तेव्हा सहकार क्षेत्राचे म्हणणे आकड्यांसह तिथे असले पाहिजे. मागच्या वेळी आपण उशीर केला. या वेळी बिले काढा आणि पाठवा.