करारावर सही झाली म्हणजे करार लागू झाला का?

२५ ऑक्टोबर २०२५ ला व्हिएतनाममधल्या हनोईत संयुक्त राष्ट्रांच्या सायबर गुन्हेगारीविरोधी करारावर सह्या सुरू झाल्या. अशी बातमी वाचली की वाटतं, झालं, करार लागू! पण सहीनंतर अजून एक पायरी असते. इंग्रजीत त्यासाठी ‘रॅटिफाय’ हे क्रियापद आहे, आणि चिनी भाषिकांना ते हमखास चकवतं.

कारण चिनीत त्याला ‘पिजुन’ म्हणतात. पण बॉसने रजा दिली तरी पिजुन, सरकारने प्रकल्पाला परवानगी दिली तरी पिजुन. मग इंग्रजी शिकणारा ‘बॉसने रजा रॅटिफाय केली’ असं लिहून बसतो. रजा ‘अप्रूव्ह’ होते. रॅटिफाय म्हणजे आपल्या प्रतिनिधीने आधी मान्य केलेल्या गोष्टीवर, ज्याच्याकडे अंतिम अधिकार आहे त्याने केलेलं शिक्कामोर्तब.

आमच्या कोडिंगच्या भाषेत सही म्हणजे पुल रिक्वेस्ट, रॅटिफाय म्हणजे मर्ज.

चीनचीच दोन उदाहरणं बघा. पॅरिस हवामान करारावर चीनने २२ एप्रिल २०१६ ला सही केली आणि ३ सप्टेंबरला त्यांच्या संसदेच्या स्थायी समितीने तो पक्का केला. अणुचाचणीबंदी करारावर मात्र १९९६ मध्ये सही करूनही चीनने तो अजून रॅटिफाय केलेला नाही. अमेरिकेचंही तेच.

मराठीत आपणही रजेला ‘मंजुरी’ म्हणतो आणि करारालाही. नेमका शब्द ‘अनुसमर्थन’, पण तो बोलण्यात कुणाच्या असतो? भारतात हे काम केंद्र सरकार करतं, त्यासाठी संसदेत मतदान बंधनकारक नाही.

आता सायबर करार. ४० देशांनी तो रॅटिफाय केला की त्यानंतर ९० दिवसांनी तो लागू होतो, आणि तोही तसं करणाऱ्या देशांपुरताच. त्यात देशांनी एकमेकांना इलेक्ट्रॉनिक पुरावे देण्याची तरतूद आहे. म्हणजे विषय आपल्या फोनमधल्या डेटापर्यंत येतो. यातून पाळत वाढेल, असा मानवी हक्क संघटनांचा आक्षेप आहे.

म्हणूनच सही आणि रॅटिफिकेशन यांच्यातला काळ महत्त्वाचा. आपल्या सरकारला प्रश्न विचारायचे असतील, तर ते याच काळात. भाषांतर ॲपने ‘मंजूर’ दाखवलं, तर मूळ बातमीतलं क्रियापद एकदा तपासा.